फरदड ठेवावी का पऱ्हाटी उपटावी? आणि एकूणच, जिद्द कुठवर धरायची?

कळंबकर
नमस्कार मंडळी. आमचं वावर यवतमाळ जिल्ह्यात, कळंब तालुक्यात. सहा एकर पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, त्यातली चार एकर विहिरीच्या पाण्याखाली. दोन वेचे चांगले झाले, तिसरा अर्धामुर्धा. कोरडवाहू दोन एकर आपोआप वाळली, तिचा प्रश्न नाही. ओलिताची मात्र जानेवारी लागला तरी हिरवीगार उभी आहे. शेंड्याला पात्या (कळ्या) आणि फुलं आहेत, हिरवी बोंडंही बरीच दिसतात, विहिरीत पाणी आहे.

बाबांचं म्हणणं असं की फरदड ठेवू, म्हणजे हंगाम संपला तरी पीक उभंच ठेवू; दोन पाणी आणि थोडा युरिया दिला तर मार्चपर्यंत आणखी एक वेचा पदरात पडतो. कापसावरच्या आयात शुल्काची माफी 31 डिसेंबर 2025 पर्यंत होती, ती संपली, आता भाव चढणार, असं खेडा खरेदीवाले, म्हणजे दारात येऊन कापूस घेणारे व्यापारी, गावात सांगत फिरतात. तेही बाबांच्या डोक्यात आहे. मी म्हणतो, पऱ्हाटी काढू आणि उन्हाळी तीळ पेरू. यावरून घरात रोज शब्दाला शब्द लागतो. काल बाबा म्हणाले, "हाती आलेलं पीक उपटायले सांगते, तुले शेती कशी जमन?"

बाबांनी हे घर चिकाटीवरच उभं केलं. मोटर जळाली, नापिकी आली, दुबार पेरणी करावी लागली, पण त्यांनी वावर पडीक ठेवलं नाही. त्या चिकाटीचा मला अभिमान आहे आणि म्हणूनच त्यांच्या विरोधात बोलणं जड जातं. तुम्ही अनुभवी माणसं हे कसं ठरवता? कुठे टिकून राहायचं आणि कुठे हात काढून घ्यायचा? फक्त पऱ्हाटीचंच नाही, बोअर, फळबाग, परीक्षा, धंदा, ज्याचा अनुभव असेल ते लिहा.

हिंगणघाट_जिन
फरदडीच्या कापसापुरतं सांगतो, कारण तो रोज हाताखालून जातो. पहिल्या-दुसऱ्या वेच्याचा माल आणि फेब्रुवारी-मार्चचा माल शेजारी ठेवून पाहा. नंतरच्या मालात कवडी (किडका, डागाळलेला कापूस) जास्त, धागा आखूड, सरकी पोचट. 2025-26 च्या हंगामाला लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये ठरला, पण तो चांगल्या प्रतीच्या कापसाला. बाबा पूर्ण भाव धरून हिशोब मांडत असतील तर तो हिशोबच उलटतो. त्यात मार्चमध्ये वेचणारी बाई किलोवर यायला तयार होत नाही, कारण दिवसभर वेचून तिच्या ओटीत पडतं किती? रोजाने लावावी लागते.

कृषी_सेवानिवृत्त_वर्धा
कळंबकर, तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. पहिल्या भागाला उत्तर आहे, म्हणून तो आधी घेतो.

गुलाबी बोंडअळी जवळजवळ फक्त कपाशीवर जगते. पतंग पाती, फुलं आणि कोवळ्या बोंडांवर अंडी घालतो. अळी बाहेर आली की बोंडात शिरते आणि तिचं छिद्र मागून बुजून जातं. बाहेरून बोंड निरोगी दिसतं, आत सरकी खाल्ली जात असते. म्हणून बोंडात गेलेल्या अळीला फवारा लागत नाही, कितीही महाग औषध आणा. थंडी सरता सरता शेवटच्या अळ्या दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांच्या आत सुप्तावस्थेत जातात. त्या अशा कित्येक महिने पडून राहू शकतात. वावरात राहिलेली किडकी बोंडं, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, रचलेल्या पऱ्हाट्यांचा ढीग, जिनिंगच्या आवारातली सरकी, या त्यांच्या जागा. पाऊस पडला की पतंग बाहेर. त्या वेळी वावरात पात्या-फुलं असली तर पुढची पिढी सुरू होते, नसली तर ते पतंग अंडी न घालताच मरतात. मे महिन्यात लावलेली आगाप पऱ्हाटी म्हणूनच धोक्याची, आणि बीटी बियाण्याची (बोंडअळीला मारणारं जनुक घातलेल्या बियाण्याची) विक्री उशिरा सुरू करण्यामागचं कारणही हेच.

आता फरदड या साखळीत कुठे बसते ते पाहा. डिसेंबरअखेर पीक काढलं तर अळीला पाच-सहा महिने खायला काही मिळत नाही. मार्चपर्यंत पाणी देऊन उभं ठेवलं तर त्याच काळात तिच्या आणखी पिढ्या निघतात, आणि त्याही तिची संख्या सर्वांत जास्त असते त्या दिवसांत. बीटी कपाशी 2002 साली आली, दोन जनुकांची 2006 साली. त्यानंतर दहा वर्षांच्या आत गुलाबी अळीने दोन्ही जनुकं पचवली. 2017 चा हंगाम तुम्हाला आठवत असेलच. बोंडं फोडली की हात लाल व्हायचे. त्याच वर्षी पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. पीक हातचं जाऊ द्यायचं नाही म्हणून माणसं डोक्याएवढ्या पऱ्हाटीत, घामाने भिजलेल्या अंगाने, औषधात औषध मिसळून फवारत होती. त्या माणसांना दोष देण्याची माझी छाती नाही. पण प्रत्येक वेळी टिकून राहणं म्हणजे शहाणपण, असं मी तेव्हापासून कोणाला सांगत नाही.

तुमच्या वादाला तोडगा असा. तुम्ही दोघे मिळून एकराला वीस हिरवी बोंडं तोडा. कडेचीच नको, सगळ्या वावरातून, तासं बदलत, साधारण सुपारीपेक्षा मोठी. धुऱ्यावर बसून एकेक फोडून पाहा. वीसात दोन बोंडांत अळी निघाली म्हणजे दहा टक्के, तिथे आर्थिक नुकसानीची पातळी गाठली. कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे) लावले असतील तर सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ पतंग, हीही तीच पातळी. हंगामाच्या मध्यावर ही पातळी गाठली तर फवारायचं असतं. जानेवारीत गाठली तर उपटायचं.

दुसऱ्या भागावर इतरांना बोलू द्या.

दारव्हा_कोरडवाहू
साहेबाचं सगळं खरं हाये. पण माणूस फरदड हौसेनं ठेवत नाई. मार्चएंडले सोसायटीचं कर्ज भरा लागते, पोरीची फी रायते, किराणावाला दिवाळीपासून थांबून रायते. त्या टायमाले जो क्विंटल-दोन क्विंटल कापूस येते तो नगदी येते. तीळ पेरला तं मे महिन्यात पैसा. मधले तीन महिने कोण देते? पुस्तकात पीक उपटणं एका ओळीत होते, घरात नाई होत. कळंबकर भाऊ, बाबाले अडाणी नोका समजू. त्याइच्या मनात कोणती तारीख हाये ते आधी इचारा.

कृषी_सेवानिवृत्त_वर्धा
दारव्हाकर, तुमचं म्हणणं मान्य, पूर्ण मान्य. माझ्या नोकरीत फरदड न ठेवण्याची भाषणं मी खूप केली आणि त्या तीन महिन्यांच्या पैशाचं उत्तर आमच्या पत्रकात कधीच नव्हतं. एक गोष्ट मात्र जोडतो. तुमच्या फरदडीचा कापूस तुमच्या घरात येतो आणि तिच्यातली अळी जूननंतर शेजाऱ्याच्या वावरात जाते. पतंगाला धुरा कळत नाही. त्या शेजाऱ्याचंही कर्ज असतं, त्याच्याही पोरीची फी असते.

मोर्शी_संत्रा
वरच्या शेवटच्या वाक्यावर थांबलो. कारण आमच्या वरुड-मोर्शीच्या भागात बोअरचं अगदी असंच झालं आहे.

संत्र्याची बाग पाच-सहा वर्षं सांभाळल्यावर फळावर येते. तोवर माणूस तिच्यात पुरता अडकतो, पैशानेही आणि मनानेही. एका उन्हाळ्यात बोअर आटला की डोळ्यांसमोर झाडं पिवळी पडतात. मग दुसरा बोअर, आधीच्यापेक्षा खोल. तो कोरडा गेला की तिसरा. गाडीवाला फुटावर पैसे घेतो, पाणी लागो न लागो. आमच्याकडचा खडक काळा पाषाण. त्यात पाणी सापडतं ते वरच्या कुजलेल्या थरात, भेगांत आणि लाव्हाच्या दोन थरांच्या मधल्या फटीत. नुसतं खोल गेलं म्हणून पाणी वाढत नाही. तरी रात्री गाडी घरघरत असते तेव्हा मालकाला "आणखी पन्नास फूट मारा" एवढंच सुचतं. इतके फूट मारले, आता थांबलो तर तेवढे वाया, हा विचार फार वाईट. वर धुरळ्याऐवजी ओली माती कधी येते याकडे सगळं घर डोळे लावून उभं असतं, अशा वेळी कोणाला थांबवणार?

आमच्या गावात काहींनी एक पद्धत धरली आहे आणि मला ती पटते. गाडी बोलावायच्या आधी, दिवसाउजेडी, घरातल्या बायकांसकट बसून फूट ठरवायचे आणि ते गाडीवाल्याला सगळ्यांसमोर सांगायचे. तेवढ्यात पाणी लागलं नाही तर पाईप वर. त्या क्षणी मालकाचं कोणी ऐकायचं नाही. बायकांसकट हे मुद्दाम लिहिलं, कारण शेवटच्या दोनशे फुटांचे पैसे बहुतेक वेळा त्यांच्या गळ्यातले असतात.

आणि खोल गेलेला बोअर शेजाऱ्याची विहीर आटवतो, हे तर तालुकाभर दिसतंय.

दर्यापूर_खारपाण
आमच्या पूर्णेच्या खोऱ्यात तर जमिनीखालचं पाणीच खारट. अकोला, अमरावती, बुलढाण्याचा हा पट्टा. इथे बोअर खोल नेऊन गोडं पाणी शोधणं सोडून द्यावं लागतं, ते आमच्या आजोबांच्या पिढीनेच सोडलं. त्याऐवजी शेततळं आणि कोरडवाहू हरभरा. सोडलं म्हणजे हरलो असं इथे कोणी मानत नाही.

आर्वीची_लेक
परीक्षेबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. माझा धाकटा भाऊ राज्यसेवेची तयारी करतो. हुशार आहे, पूर्व निघते, मुख्यला थोडक्यात राहतो. "थोडक्यात" हाच खरा त्रास. अगदीच नापास झाला असता तर कधीच घरी आला असता.

यूपीएससीत खुल्या गटाला सहा प्रयत्न आणि 32 वर्षं. कोणाला आवडो न आवडो, तिथे नियमच थांबवतो. राज्यसेवेला खुल्या गटाची वयोमर्यादा 38, मागासवर्गीयांची 43. प्रयत्नांवर मर्यादा आणण्याचं 2020 च्या शेवटी जाहीर झालं होतं, नंतर ते मागे घेतलं. मुलांच्या बाजूने ते बरोबरच होतं. पण त्यामुळे पंचविशीतल्या पोराला पुढची दहा-पंधरा वर्षं "आता बस" असं सांगणारं बाहेरचं कोणी उरत नाही. ते घरालाच सांगावं लागतं, आणि घरच्यांची जीभ उचलत नाही.

आमच्याकडे भाऊ पुण्यात असताना विहिरीचं खोलीकरण राहिलं, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन राहिलं, माझं बीएड दोन वर्षं पुढे गेलं. यात भावाने कधी काही मागून घेतलं असं नाही. घरात एकमेकांना न विचारता प्रत्येकजण आपापलं मागे ठेवत गेला. मागच्या उन्हाळ्यात मीच विषय काढला. "परीक्षा सोड" असं मी त्याला म्हटलं नाही. ते म्हणायचा मला अधिकार नाही आणि माझी तशी इच्छाही नाही. मी त्याच्यापुढे वहीत सगळं लिहून ठेवलं, कोणाचं काय थांबलं आहे ते. तो बराच वेळ ते पान बघत होता. मग म्हणाला, "ताई, हे मला कोणी सांगितलंच नाही."

आता तो वर्ध्याला एका अभ्यासिकेत शिकवतो, आपला खर्च आपण भागवतो आणि परीक्षाही देतो. कधीपर्यंत द्यायची ते तो ठरवेल. आईचं ऑपरेशन झालं. जिद्द त्याचीच आहे, पण आधी तिचा खर्च आम्ही उचलत होतो, आता तो स्वतः उचलतो, आणि मला वाटतं त्यामुळे तो जास्त शांतपणे अभ्यास करतो.

कळंबकर
ताई, तुमचं लिहिणं आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ही पोरगी शहाणी आहे.

झाडीपट्टी_धान
इथे सगळे सोडण्याच्या बाजूने झुकलेत, म्हणून दुसरी बाजू मांडतो. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. शाळा जेमतेम, जमीन थोडीशी. 1983 साली 'पटेल 3' धानाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी बाजूला काढून ठेवल्या, पुढच्या वर्षी निराळ्या कोपऱ्यात लावल्या, पुन्हा निवडल्या, पुन्हा लावल्या. असं वर्षानुवर्षं. गावात कौतुक करणारं कोणी नव्हतं. त्यातूनच तो बारीक, चांगल्या उताऱ्याचा धान तयार झाला. त्या काळच्या नावाजलेल्या घड्याळावरून त्याला एचएमटी नाव पडलं, आणि आज तो तांदूळ कितीतरी घरांच्या ताटात आहे. पुढे त्यांनी आणखीही वाण काढले. पैसा मात्र त्यांच्या वाट्याला फारसा आला नाही, 2018 साली ते गेले. ही खंत आम्हा झाडीपट्टीवाल्यांच्या मनातून जात नाही.

चौथ्या-पाचव्या वर्षी कोणी त्यांना म्हटलं असतं, "दादाजी, सोडा, काय मिळतंय यातून?", तर? म्हणून फळ दिसत नाही एवढ्यावरून सोडायचं नसतं.

मोर्शी_संत्रा
झाडीपट्टी, फार चांगलं लिहिलंत. पण खोब्रागडेंनी दर वर्षी पणाला काय लावलं ते बघा. मूठभर बी आणि बांधीचा एक कोपरा. बाकीच्या जमिनीत नेहमीचा धान होताच, घर त्यावर चालत होतं. आणि दर वर्षी लोंबी हातात घेऊन मागच्या वर्षीपेक्षा काय बदललं ते दिसत होतं. अशी चिकाटी माणूस चाळीस वर्षं धरू शकतो, कोणाच्या ताटातलं न काढता. आमच्या बोअरच्या चिकाटीत एका रात्रीत पाच वर्षांची कमाई जाते आणि खाली काय आहे ते काहीच दिसत नाही. दोन्हीला आपण एकच नाव देतो, इथेच गफलत होते.

झाडीपट्टी_धान
हे मान्य. आणि तुमच्या बोलण्यावरून एक सुचलं: कळंबकरांच्या बाबांनाही काही धरून ठेवायचंच असेल तर एका कोपऱ्यात तीळ करून बघा, असं उलट सांगता येईल. सगळ्या चार एकरांचा निर्णय एकदम कशाला? घरात पटवायलाही सोपं.

कृषी_सेवानिवृत्त_वर्धा
पऱ्हाटीच्या बाबतीत ते चालणार नाही हो. अर्धा एकर फरदड ठेवली तरी अळी तेवढ्यातच जमा होते आणि सगळ्या शिवारात पसरते. तिळाचा अंदाज नसेल तर तीळ एका एकरात पेरा, बाकीचं रान नांगरून तापू द्या. पण पऱ्हाटी निघायची तर सगळी निघावी.

कळंबकर
सगळ्यांचे मनापासून आभार. काल सकाळी बाबा आणि मी वावरात गेलो. दारव्हाकर काकांनी सांगितलं तसं आधी विचारलं की मार्चमध्ये नक्की काय भरायचं आहे. सोसायटीचे पैसे बाबांनी दुसऱ्या वेच्यातून आधीच बाजूला ठेवले आहेत, हे मला माहीतच नव्हतं. त्यांना खरी काळजी पऱ्हाटी काढल्यावर रान मोकळं दिसण्याची. रानडुकरांमुळे भुईमूग करता येत नाही, मग उन्हाळाभर पडीकच राहणार, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. तिळाचं मी बोलत होतो तेव्हा ते ऐकूनच घेत नव्हते, कारण मी सुरुवातच "उपटा" या शब्दाने करत होतो.

मग बोंडं तोडली. बाबांनी स्वतः निवडली, चांगली टणक, डाग नसलेली बघून. धुऱ्यावर बसून विळ्याने फोडली. चार-पाच बोंडांमागे एकात तरी अळी निघत होती. काहींत अळी नव्हती पण सरकी पोखरलेली. एका बोंडाच्या चार पाकळ्यांपैकी दोन पांढऱ्याशुभ्र आणि दोन काळ्या पडलेल्या. बाबांनी ते बोंड बराच वेळ हातात धरलं, मग धुऱ्यापलीकडे बघून म्हणाले, "बाजूवाल्याची तूर निघाली का? तो पुढच्या साली पऱ्हाटी लावतो म्हणत होता." एवढंच. संध्याकाळी त्यांनीच माणसं सांगितली, परवापासून उपटणी.

आता कामाचं विचारतो. पऱ्हाट्यांचं काय करावं? आई म्हणते सरपणाला लागतात. आणि तिळाचं बियाणं कोणतं घ्यावं?

कृषी_सेवानिवृत्त_वर्धा
वाचून फार बरं वाटलं. उपटणीआधी दोन दिवस शेळ्या-मेंढ्या सोडा, कोणाचा कळप गावाजवळ असेल तर बोलावून घ्या. उरलेली हिरवी बोंडं त्या खाऊन टाकतात, अळीसकट. पऱ्हाट्या धुऱ्यावर रचू नका. श्रेडर भाड्याने मिळत असेल तर बारीक करून रानातच गाडा. आईंना सरपण हवंच असेल तर बोंडं पूर्ण झाडून, फक्त काड्या घरी न्या आणि पावसाळ्याच्या आत जाळून संपवा. खाली पडलेली किडकी बोंडं वेचून जाळा.

तीळ थंडी ओसरल्याशिवाय टाकू नका, उगवण मार खाते. जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा बरा. अकोल्याच्या विद्यापीठाचा एकेटी-101 उन्हाळ्यासाठी चांगला, साधारण तीन महिन्यांत निघतो. बी फार बारीक असतं, एकराला दीड-दोन किलो पुरे. चाळलेल्या शेणखतात किंवा वाळूत मिसळून पेरा आणि खोल जाऊ देऊ नका. पंधरा दिवसांनी विरळणी न चुकता करा. पाणी साचू द्यायचं नाही, हलकी पाळी द्यायची.

दारव्हा_कोरडवाहू
विरळणी बाबाच्या हातूनच करवून घ्या भाऊ. आणि तीळ निंगाला की इथं उतारा लिहा, कमी आला तरी लिहा. आमच्या गावात अजून चार जण फरदड धरून बसले हायेत, त्याइले दाखवाले काहीतरी पाह्यजे.

कळंबकर
नक्की लिहितो काका. मे महिन्यात.